शाहीर साबळे : गायक की नट?

'पॉप गायक' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे गिटार, रंगीत दिवे आणि किंचाळणारा तरुण वर्ग उभा राहतो. वास्तविक 'पॉप' हे 'पॉप्युलर' या शब्दाचे लघुरूप आहे, आणि पॉप गायक म्हणजे लोकप्रिय गायक, एवढाच त्याचा सरळ अर्थ. या अर्थाने मराठीत असा गायक शोधू गेल्यास तो मैफलीत सापडणार नाही. ज्याची गाणी लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या आराशीत, जत्रेतल्या पाळण्यापाशी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजली, ज्याची गाणी गायकाचे नाव ठाऊक नसणारेही गुणगुणतात, तो आपला लोकप्रिय गायक. माझ्या मते या जागेवर ज्यांचा हक्क प्रथम पोहोचतो, त्यांत शाहीर कृष्णराव साबळे यांचे नाव फार वरचे आहे. आणि हे शाहीर केवळ गायक नव्हते, तर नटही होते. अभ्यासकांनी आणि रसिकांनी मात्र त्यांच्यातल्या गायकाला जेवढे जवळ केले, तेवढे नटाला केले नाही. असे का झाले असावे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्याचा विचार आहे.

पाश्चात्त्य देशांत पॉप गायकाचे नट होणे ही बहुधा व्यवसायातील पुढची पायरी असते. एल्विस प्रिस्ले आधी ध्वनिमुद्रिकांनी गाजला आणि मग तीसहून अधिक चित्रपटांत चमकला. तेथे गाणे आणि अभिनय हे दोन स्वतंत्र धंदे, एकाची पुण्याई दुसऱ्यात वापरायची. आपल्याकडे हे दोन धंदे मुळात वेगळे नव्हतेच. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेव्हापासून निदान अर्धशतक मराठी नट म्हणजे गाणारा माणूस असे समीकरण होते. बालगंधर्वांचे उदाहरण तर आपल्या खानदेशाला अगदी जवळचे. बालवयात त्यांनी गाण्याचे शिक्षण घेतले ते जळगावला, उस्ताद मेहबूब खां यांच्याकडे. पुढे १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत शिरले आणि पुढची तीस वर्षे महाराष्ट्र वेडा झाला. परंतु १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली, आणि ती त्यांना मानवली नाही. ते पुन्हा रंगभूमीवर परतले. कॅमेऱ्याला 'वन्समोअर' देता येत नाही. समोरच्या श्रोत्याच्या डोळ्यांत पाहून जो गातो, त्या कलावंताचे यंत्रापुढे अर्धे बळ जाते. बालगंधर्वांची ही गोष्ट मी येथे मुद्दाम सांगितली, कारण साबळ्यांच्या बाबतीत यंत्राने निराळ्या तऱ्हेने अर्धेच हिशेबात धरले. तेही योगायोगाने एकनाथांच्याच रचनेच्या निमित्ताने. त्याकडे पुढे येतो.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातील पसरणी या गावी झाला. म्हणजे माणूस कृष्णाकाठचा. परंतु शिकायला आला तो आपल्या अंमळनेरला, आजोळच्या माणसांकडे. नंदुरबारच्या स्टेशनावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, दोंडाईचा मागे टाकावे आणि थोड्याच वेळात अंमळनेरला उतरावे, एवढे ते आपल्याला जवळ. अंमळनेर त्या काळी प्रताप मिलचे, तत्त्वज्ञान मंदिराचे आणि साने गुरुजींचे गाव होते. गुरुजींनी प्रताप हायस्कूलमधील शिक्षकाची नोकरी १९३० सालीच सोडली होती. पण गाव सोडले नव्हते. गिरणीकामगारांत आणि शेतकऱ्यांत त्यांचे काम चाले, आणि १९३८ मध्ये 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक त्यांनी तेथूनच काढले. साबळे यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतच झाले. शाळेने जे दिले नाही ते त्यांना गुरुजींच्या सहवासाने दिले. गळा चांगला आहे एवढे पुरत नाही, तो कोणासाठी वापरायचा हे ठरवावे लागते, ही जाणीव त्यांना या सहवासातून झाली असावी असे पुढचे आयुष्य पाहता वाटते.

१९४२ च्या लढ्यात हा एकोणीस वर्षांचा तरुण उतरला. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला आपल्या नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात धारातीर्थी पडले, हे येथे वेगळे सांगायला नको. ती सारी पिढीच एका तापाने फणफणलेली होती. पसरणीचे भैरवनाथाचे देऊळ हरिजनांना खुले करण्यात साबळ्यांनी पुढाकार घेतला, आणि त्या प्रसंगी साने गुरुजी, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील, कर्मवीर भाऊराव पाटील अशी माणसे गावी आली होती. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाऊबंदांसमोर हे करणे किती अवघड असते, ते खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला कळेल. पुढे गोवा मुक्ती, हैदराबाद मुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या सर्व चळवळींत त्यांचा डफ वाजत राहिला.

शाहीर या शब्दाचा आपण फार सैल वापर करतो. फेटा बांधून जो वीररसाने ओरडतो तो शाहीर, अशी आपली समजूत झाली आहे. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर रचलेला पोवाडा उघडून पाहावा. तो १६५९ च्या प्रसंगावरचा. त्यात शाहीर नुसते वर्णन करत नाही. तो कधी खान होतो, कधी महाराज होतो, कधी वकील होऊन बोलतो. एकाच अंगरख्यात राहून तो चार माणसांची सोंगे आणतो. म्हणजे पोवाडा हे एकपात्री नाटकच. मागे उभे राहणारे झिलकरी त्याला प्रश्न विचारतात, हुंकार भरतात, त्याचा श्वास संपला की सूर धरून ठेवतात. साबळ्यांच्या आधी काही वर्षे अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर या त्रयीने १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले आणि शाहिरी गिरणगावच्या चाळीत नेली. अमर शेख यांनाही १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटाने नट म्हणून पाहिले. तात्पर्य, शाहिराने नट असणे यात नवल काही नाही. नट नसलेला शाहीर हेच नवल.

आता ध्वनिमुद्रिकेकडे वळू. साबळ्यांचे नाव घरोघर गेले ते आकाशवाणीमुळे आणि एच.एम.व्ही.च्या तबकड्यांमुळे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्या भारुडाला कीर्तनात किंवा जागरात अर्धा तास लागावा, ते एवढ्याशा वेळात बसवायचे म्हणजे कातरकाम आलेच. एकनाथांची सुमारे ३०० भारुडे सांगितली जातात, आणि बहुतेकांत बोलणारा कोणीतरी असतो : जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, सासुरवाशीण. भारुड म्हणणाऱ्याने त्या त्या माणसाचे सोंग घ्यायचे असते. विंचवाचे भारुड हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. विंचू म्हणजे कामक्रोध आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा, असा त्याचा पारमार्थिक अर्थ आपण पाठ्यपुस्तकात वाचतो व परीक्षेत लिहितो. साबळ्यांचे ते ध्वनिमुद्रण ऐकताना मात्र पहिल्या क्षणी अर्थ सुचत नाही. माणसाला विंचू चावला आहे एवढेच कळते. विव्हळणे सुरात आहे, पण सुराची पर्वा न करणारे आहे. आवाज वर चढतो तो तानेसाठी नव्हे, वेदनेसाठी. शब्द तुटतो, पुन्हा धरला जातो, आणि ऐकणाऱ्याला हसू येता येता अंगावर काटा येतो. अर्थ मागाहून, सावकाश येतो. एकनाथांना हेच अभिप्रेत असले पाहिजे, आधी खेळ आणि मग बोध.

मी आमच्या वर्गातल्या मित्रांना एक प्रयोग सुचवीन. शास्त्रीय तयारीच्या एखाद्या गायकाकडून हेच भारुड ऐकावे आणि लगेच साबळ्यांचे ऐकावे. पहिल्यात चाल शुद्ध असेल, दुसऱ्यात माणूस दिसेल. दादल्याला कंटाळलेल्या बाईचे जे एकनाथी भारुड आहे, तेही साबळ्यांनी गायले. गाणारा भरघोस आवाजाचा पुरुष, आणि बोलणारी संसाराने गांजलेली स्त्री. तरी ते हास्यास्पद होत नाही. कारण शाहीर बाईचा आवाज काढीत नाहीत, बाईचे म्हणणे काढतात. अभिनयाचा हा धडा नाट्यशास्त्राच्या तासाला शिकवावा इतका मोलाचा आहे.

परंतु येथेच यंत्राचा पक्षपात सुरू होतो. तबकडीने त्यांचा गळा ठेवला, हात ठेवले नाहीत. भिवई उंचावणे, झिलकऱ्याकडे पाहून क्षणभर थांबणे, पुढच्या रांगेतल्या एखाद्या पागोटेवाल्याला चिमटा काढणे, या गोष्टी मेणात उमटत नाहीत. म्हणून ज्यांनी त्यांना केवळ ऐकले, त्यांच्या लेखी ते गायक झाले. लोकप्रियतेचा पाया ज्या यंत्राने घातला, त्याच यंत्राने नटाला झाकून टाकले.

नट म्हणून त्यांचे खरे कर्तृत्व मुक्तनाट्यात आहे. तमाशाचा जुना घाट आपल्याला ठाऊक आहे : गण, गौळण, बतावणी, मग वग. साबळे यांनी या घाटातला लवचिकपणा घेतला. बोलता बोलता गाण्यात शिरणे, राजाच्या दरबारातून एका गिरकीसरशी चाळीच्या नळावर येणे, प्रेक्षकाला कथेत ओढणे हे सर्व त्यांनी ठेवले. आणि विषय आणला तो रोजच्या वर्तमानपत्रातला. या प्रकाराला त्यांनी मुक्तनाट्य म्हटले. 'इंद्राच्या दरबारात तमासगीर', 'यमराज्यात एक रात्र', 'कोयना स्वयंवर', 'ग्यानबाची मेख', 'आबुरावाचं लगीन', 'बापाचा बाप' ही काही नावे. नुसत्या नावांवरूनही पद्धत ध्यानात येते. इंद्र आणि यम हे केवळ निमित्ताला. स्वर्गात काय किंवा नरकात काय, भेटतो तो आपल्याच गावचा पुढारी. पुराणातल्या दरबारात आजचा कारभार उभा करण्याची ही युक्ती तमाशाइतकीच जुनी आहे. आपल्या नवापूर भागातील सोंगाड्या पार्टीतही राजा, प्रधान आणि सोंगाड्या असतात, आणि राजाला जे कोणी बोलू धजत नाही ते सोंगाड्या बोलून जातो. साबळ्यांना वारसा मिळाला तो याच कुळातला.

मुक्तनाट्यात शाहिराला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. तो कथा सांगणारा असतो, कथेतले पात्र असतो, आणि शिवाय तो स्वतः, म्हणजे शाहीर साबळे, असतोच. प्रेक्षक तिन्हींना ओळखतो आणि तिन्हींची मजा घेतो. नाटकातला नट भूमिकेत विरघळला तर आपण टाळ्या देतो, इथे विरघळून चालत नाही. भूमिकेची कड पकडून बाहेर डोके काढावे लागते. ब्रेख्त या जर्मन नाटककाराच्या नावाने आमचे प्राध्यापक जे समजावून सांगतात, ते आपल्या वगनाट्यातल्या नटाला कोणी न शिकविता येत होते. (परीक्षेत हे वाक्य लिहावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

या सर्वांत गाजले ते १९६६ सालचे 'आंधळं दळतंय'. आंधळे दळते आणि पीठ भलताच खातो, ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची. मुंबई महाराष्ट्राला मिळून सहा वर्षे झाली होती, आणि तरीही तिथल्या मराठी माणसाला नोकरीत, धंद्यात, जागेत कोठे स्थान आहे असा प्रश्न 'मार्मिक' साप्ताहिक लावून धरीत होते. तोच प्रश्न साबळ्यांनी रंगमंचावर खेळवला. जूनच्या १९ तारखेला शिवसेनेची स्थापना झाली. त्या संघटनेला अनुकूल हवा तयार करण्यात या मुक्तनाट्याचा वाटा मोठा होता, असे मानले जाते. लोकनाट्याने लोकांना एवढे हलवावे हा कलेचा विजयच. पण माझ्या मनात येथे एक शंका राहते, आणि ती मोकळेपणाने मांडतो. दळणाऱ्याची कीव येणे आणि पीठ खाणाऱ्याचा राग येणे यांत अंतर फार थोडे असते. विनोदाची सुरी स्वतःच्या आळसावर चालली, तर ती शस्त्रक्रिया. तीच पोटासाठी आलेल्या परप्रांतीयावर चालली, तर ती निव्वळ सुरी. साने गुरुजींनी तर आंतरभारतीचे स्वप्न पाहिले होते. त्यांच्या सावलीत वाढलेल्या शाहिराच्या खेळातून लोकांनी नेमके काय उचलले? नटाने दिलेले आणि प्रेक्षकाने घेतलेले नेहमी एकच असते असे नाही, एवढे म्हणून हा दोष मी शाहिरावर सर्वस्वी टाकीत नाही. पण लोकप्रिय कलावंताच्या कारकिर्दीचा अभ्यास करताना हा प्रश्न टाळू नये, असे मला वाटते.

आता एका गाण्याविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आणि आवाज साबळ्यांचा. खळे हे नाजूक, आडवळणी चालींचे संगीतकार. त्यांच्या भावगीतांपाशी अट्टल गायकही बिचकतात. त्यांनी या गीतासाठी शाहिराचा उघडा गळा निवडला, यात त्यांची मोठी जाण दिसते. या गाण्यात कोणतेही सोंग नाही, कोणी पात्र नाही. शाहीर येथे प्रथमच निव्वळ गायक आहेत, आणि त्यांची सर्वांत मोठी कीर्ती नेमकी याच गाण्याची. ३१ जानेवारी २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवजयंतीच्या दिवसापासून, ते अंमलात आले. ते शाहिरांचे जन्मशताब्दी वर्ष होते. राज्यगीतासाठी दोन कडवी घेतलेली आहेत. कवितेत नद्यांची नावे येतात, आणि त्यांत पहिले नाव रेवेचे. रेवा म्हणजे नर्मदा. ती महाराष्ट्राला स्पर्श करते ती केवळ आपल्या जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर कडेला. कवीने महाराष्ट्राच्या नद्या मोजायला सुरुवात केली ती सातपुड्याच्या पलीकडून, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

या गाण्यातही मला नट ऐकू येतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तो सोंगात नाही, शब्दांच्या फेकीत आहे. मैदानात ध्वनिक्षेपक नसताना शेवटच्या माणसापर्यंत जोडाक्षर पोहोचविण्याची सवय ज्याच्या जिभेला आहे, तोच असा उच्चार करू शकतो. मैफलीचा गायक स्वर लांबवतो, व्यंजन सोडून देतो. रंगमंचावरचा माणूस व्यंजनावर उभा राहतो.

उत्तर आयुष्यात साबळ्यांनी 'महाराष्ट्राची लोकधारा' हा कार्यक्रम उभा केला. कोळीगीत, गोंधळ, जोगवा, वासुदेव, भारुड, मंगळागौर, धनगरी अशा निरनिराळ्या प्रकारांची एकाच रात्री, एकाच रंगमंचावर मांडणी करायची, ही त्याची कल्पना. शहरातल्या मुलाला वासुदेव दिसला तो बहुधा या कार्यक्रमात. दूरदर्शनमुळे तो परप्रांतातही पोहोचला. तबकडीने जे हात, जी पावले, जो पोशाख गाळला होता, ते सर्व येथे परत आले, असे म्हणायला हरकत नाही.

तथापि माझे समाधान पूर्ण होत नाही. लोकधारेत प्रत्येक प्रकाराला पाच-दहा मिनिटे मिळतात. आपल्याकडील डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात कित्येक दिवस चालतो. काठीची राजवाडी होळी रात्रभर जागते, कमरेला घुंगरू आणि डोक्याला मोरपिसे बांधलेले बुध्ये पहाटेपर्यंत नाचतात. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना कळेल की त्यातली पाच मिनिटे कापून रंगमंचावर ठेवली, तर नाच राहील, पण होळी राहणार नाही. तेथे पाहणारा आणि नाचणारा वेगळा नसतो, तिकीट काढून बसलेल्या माणसापुढे तो वेगळा करावाच लागतो. हा आक्षेप मी साबळ्यांच्या हेतूवर घेत नाही. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या शहराला सबंध रात्र द्यायला नव्हती, म्हणून त्यांनी तिचा एक तुकडा नेऊन दिला. तोही न दिला असता, तर त्या शहराने गोंधळ्याला कायमचे भिकारी समजले असते.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री हे त्यांतले ठळक. १९९८ हे आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला ते साल. 'माझा पवाडा' या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. मुलगा देवदत्त संगीतकार झाला, मुलगी चारुशीला अभिनेत्री. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, शाहिरांचे निधन झाले.

लोकधारेच्या ताफ्यातून जी मुले बाहेर पडली त्यांची नावे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. भरत जाधव, अंकुश चौधरी, आणि शाहिरांचा नातू केदार शिंदे. गायकाच्या हाताखाली तयार झालेली ही मुले पुढे नट झाली, दिग्दर्शक झाली. गळ्याची तालीम देणाऱ्याने अशी फळी घडवली नसती. समूहात उभे कसे राहावे, दुसऱ्याचे वाक्य कसे ऐकावे, टाळी कोठे घ्यावी आणि कोठे सोडावी, हे त्यांना त्या ताफ्यात मिळाले. २८ एप्रिल २०२३ रोजी केदार शिंदे यांचा 'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यात शाहिरांची भूमिका केली ती अंकुश चौधरी यांनी, लोकधारेत एकेकाळी मागच्या रांगेत नाचलेल्या मुलाने.